शिकागोतल्या गोळीबाराचे हॉटस्पॉट खरंच सरकून राहिले की नकाशा खेळ करून राहिला?

संत्रा_पिक्सेल:

नमस्कार मंडळी, एमटेकच्या शेवटच्या वर्षाला आहे, जीआयएस (संगणकावर नकाशे आणि जागेचा डेटा), नागपुरातच. प्रोजेक्टचा विषय असा की एखाद्या शहरात बंदुकीची हिंसा वर्षानुवर्षं कुठं असते आणि कुठून कुठं जाते ते नकाशावर दाखवायचं. आधी आपल्याच शहराचं करायचं डोक्यात होतं पण लॅट-लाँगसकट (अक्षांश-रेखांशासकट) डेटा कुठंच मिळेना, मग शिकागो घेतलं. त्यांच्या डेटा पोर्टलवर सगळं फुकट पडलेलं आहे, खुनाचे बळी १९९१ पासून आणि गोळी लागून वाचलेले २०१० पासून, म्हणून मी २०१० ते २०२३ धरलं.

डेटाची सीएसव्ही फाइल क्यूजीआयएस या नकाशाच्या सॉफ्टवेअरमध्ये टाकली, हीटमॅप स्टाइल दिली (घटना जेवढ्या दाट तेवढा रंग गडद) आणि टेम्पोरल कंट्रोलरवर वर्षावर्षानं चालवलं. ॲनिमेशन पाहायला एक नंबर झालं. लाल डाग एका वर्षी पश्चिमेला ऑस्टिन-गारफील्ड पार्ककडे, दुसऱ्या वर्षी खाली एंगलवूडकडे, मग परत वर, असा उड्या मारत जातो. गाइड म्हणाले वा, शिफ्ट स्पष्ट दिसते, आता कारणं लिहून काढ. पण मला कारणं लिहायची हिंमतच होऊन नाही राहिली, कारण एक गोष्ट खटकते. २०१४ मध्ये तिथं चारशेच्या थोडे वर खून झाले आणि २०१६ मध्ये साडेसातशेच्या वर, आणि माझ्या दोन्ही फ्रेम सारख्याच लाल!

तर विचारायचं असं की हिंसा "सरकली" हे नकाशावरून सिद्ध कसं करायचं, मोजायचं युनिट काय घेऊ (ग्रिड म्हणजे सारख्या चौकोनांची जाळी, कम्युनिटी एरिया म्हणजे तिथले ठरलेले भाग, की पोलीस डिस्ट्रिक्ट), आणि शेवटी एक चॅप्टर "नागपूरसाठी असं करता येईल का" म्हणून टाकायचा आहे त्यात काय लिहू? व्हायवाला बाहेरचे सर येतील ते हेच पहिले विचारतील.

नकाशेवाला_काका:

बेटा, तुला जे खटकलं तिथंच सगळी गोम आहे. हीटमॅप रेंडररमध्ये मॅक्झिमम व्हॅल्यू ऑटोमॅटिकवर असते, ती तशीच असणार तुझ्याकडे. मग प्रत्येक फ्रेममध्ये त्या वर्षीचा सगळ्यात दाट कोपरा जो असेल त्याला गडद लाल मिळतो, तिथं पाच घटना असोत की पन्नास. वर्गात पहिला कोण आला एवढं कळतं, मार्क किती पडले ते नाही. ऑस्टिन आणि एंगलवूड दोन्ही कायम वरच्या नंबरात असतात, एखाद्या वर्षी हा पुढे एखाद्या वर्षी तो, आणि तुला वाटतं डागानं उडी मारली.

त्यातच रेडियस (एकेक ठिपका किती लांब पसरवायचा ते) बाय डिफॉल्ट मिलिमीटरमध्ये असतो, म्हणजे स्क्रीनवरचे मिलिमीटर, झूम केलं की दुसराच नकाशा. आणि लेयर तू ४३२६ मध्येच, म्हणजे नुसत्या अंशांतच ठेवला असशील. शिकागोच्या अक्षांशावर रेखांशाचा एक अंश साधारण ८३ किमी भरतो आणि अक्षांशाचा १११, त्यामुळे अंशात रेडियस दिला की गोलाच्या जागी उभट अंडं तयार होतं. आधी ईपीएसजी ३४३५ या तिथल्या प्रोजेक्शनमध्ये ने (तो फुटांत आहे) नाहीतर यूटीएम झोन १६ उत्तर म्हणजे २६९१६ मध्ये. सवयीनं ३२६४४ लावू नको, तो आपला झोन ४४ आहे, नागपूरचा, बरेच पोरं तेच करतात आणि मग विचारतात काका माझे पॉइंट कुठं गेले.

मग स्टाइल सोड आणि प्रोसेसिंग टूलबॉक्समधून कर्नल डेन्सिटीचा रास्टर (पिक्सेलागणिक घटनांची दाटी दाखवणारा थर) काढ, सगळ्या वर्षांना एकच रेडियस एकच पिक्सेल एकच एक्स्टेंट. रंगाची पट्टी सगळ्यांना एकच. आणि ॲनिमेशनपेक्षा वजाबाकी दाखव, २०१६ वजा २०१४ रास्टर कॅल्क्युलेटरमध्ये, कुठं वाढलं कुठं घटलं ते एका नकाशात दिसतं. ॲनिमेशननं माणूस फसतो, डोळ्याला हालचाल दिसली की डोकं लगेच गोष्ट रचायला घेतं.

युनिटचं. पोलीस डिस्ट्रिक्ट घेऊ नको, २०१२ मध्ये तीन डिस्ट्रिक्ट बंद करून शेजारच्यांत जोडले, २५ चे २२ झाले, म्हणजे तुझ्या बरोबर मधल्या काळात हद्दी हलल्या. कम्युनिटी एरिया ७७ आहेत, १९२० च्या दशकात शिकागो विद्यापीठाच्या समाजशास्त्राच्या लोकांनी आखलेले आणि तेव्हापासून जवळजवळ जसेच्या तसे, ओहेअर विमानतळाचा भाग जोडला आणि १९८० मध्ये अपटाउनमधून एजवॉटर वेगळं काढलं एवढंच. काळाची तुलना करायला असली न हलणारी हद्द म्हणजे सोनं आहे. पण एकट्या ऑस्टिनमध्ये लाखभर लोक राहतात, तेवढ्या मोठ्या चौकटीत आत काय झालं ते दिसत नाही. बॉस्टनमध्ये १९८० ते २००८ च्या गोळीबाराचा अभ्यास झालेला आहे, रस्त्याचा एकेक तुकडा आणि एकेक चौक वेगळा धरून, तर पाच टक्क्यांहून कमी जागांवर जवळपास तीन चतुर्थांश घटना निघाल्या, आणि बहुतेक रस्त्यांवर त्या सगळ्या वर्षांत एकही नाही. म्हणजे "डेंजर एरिया" म्हणतात त्याच्या आतसुद्धा बहुतेक गल्ल्या शांत असतात. म्हणून कम्युनिटी एरिया हा एक थर घे आणि खाली ग्रिडचा दुसरा थर.

ग्रिड किती बारीक, तर पोर्टलवरचा पॉइंट हा घटनेचा नेमका बिंदू नाही, तो फक्त ब्लॉकपुरता (दोन चौकांमधल्या तुकड्यापुरता) खरा असतो, पत्त्याचे शेवटचे आकडे झाकलेले दिसतील. तिथला ठरीव ब्लॉक एक अष्टमांश मैल म्हणजे दोनशे मीटर. पन्नास मीटरची जाळी टाकलीस तर ती अचूकता तुझ्या मनातली, डेटातली नाही. अडीचशेच्या खाली जाऊ नको.

बीट_नंबर_दोन:

काय बे, नागपुरात बसून शिकागोच्या गोळ्या मोजून राहिले सगळे 😄 पण सिरियसली सांगतो, काही वर्षं क्राइम बीट केली आहे म्हणून नागपूरच्या चॅप्टरवर बोलतो, बाकीचं काकांनी सांगितलंच.

पहिली गोष्ट, आपल्याकडे मारामारी होते ती चाकू, तलवार, रॉड, दगड यांनी. कट्टा निघतो, माउझर निघतं, मध्य प्रदेशातून खरगोन-बडवानी-बुऱ्हाणपूर साइडनं माल येतो हे सगळ्या बीटवाल्यांना माहीत आहे, पण प्रत्यक्ष गोळी चालली अशा घटना शहरभराच्या वर्षाच्या धरल्या तरी नकाशा भरेल एवढ्या नसतात. हॉटस्पॉट कायचा काढणार? तीन ठिपक्यांचा?

मग पोरं काय करतात, आर्म्स ॲक्टच्या केसेस घेतात. तिथं लफडा असा आहे की ती केस होते तेव्हा बहुतेक वेळा गोळी चाललेलीच नसते, पोलिसांना टिप मिळाली, पोरगं चौकात उभं होतं, झडती घेतली, कंबरेला कट्टा सापडला. हा पोलिसांच्या कामाचा नकाशा झाला, हिंसेचा नाही. इलेक्शन आलं, सणवार आले, कोंबिंग झालं की आकडा वर, आणि साहेब बदलले की परत वेगळा. त्यातही ३/२५ आणि ४/२५ वेगळं कर, ३/२५ म्हणजे बंदुकीचं, ४/२५ म्हणजे चाकू-तलवारीचं. बातमीत दोन्ही "शस्त्र जप्त" म्हणून येतात.

आणि एफआयआरमध्ये लॅट-लाँग नसतं ताई. ऑनलाइन एफआयआर पाहता येतात, महाराष्ट्र पोलिसांच्या साइटवर, संवेदनशील असतील ते सोडून. एक उघडून पाहा, घटनास्थळाच्या रकान्यात लिहिलेलं असतं पोलीस ठाण्यापासून दिशा आणि अंतर, म्हणजे "पूर्व, २ किमी", मग बीट नंबर, आणि खाली पत्ता म्हणजे अमक्या पानठेल्यासमोर नाहीतर अमक्या मंदिराच्या मागच्या मोकळ्या मैदानात. पानठेला पुढच्या वर्षी तिथं असेलच असं नाही. नीट जागा घटनास्थळ पंचनाम्यात असते, चतुःसीमेसकट, पण तो केस पेपरमध्ये, नेटवर नाही.

अजून एक, १ जुलै २०२४ पासून कलमं बदलली. खुनाच्या ३०२ चं १०३ झालं, खुनाच्या प्रयत्नाच्या ३०७ चं १०९. जुन्या कलमानं सर्च मारला तर २०२४ च्या मध्यावर नागपुरातली सगळी हिंसा एका रात्रीत संपलेली दिसेल. हसू नका, असा ग्राफ मी प्रेझेंटेशनमध्ये पाहिला आहे आणि समोर लोक टाळ्या वाजवत होते.

ठाण्यांच्या हद्दीचंही शिकागोसारखंच. बेलतरोडी, वाठोडा, पारडी, कपिलनगर ही ठाणी मागाहून आली, जुन्यांच्या हद्दी कापून. ठाण्याप्रमाणे दहा वर्षांची तुलना केली तर जुन्या ठाण्यात गुन्हे "घटले" आणि शहर बाहेर पसरलं असं दिसेल. पसरलं असेलही थोडं, वस्ती पसरलीच आहे, पण किती खरं आणि किती फाइल या टेबलावरून त्या टेबलावर गेली ते सांगता येत नाही.

आकडेमोड:

वरचे दोन्ही प्रतिसाद उत्तम. मी कॉलेजला स्टॅटिस्टिक्स शिकवते, तेवढ्यापुरतं बोलते.

"सरकली" या एका शब्दात तीन वेगळ्या गोष्टी कोंबलेल्या असतात. एक, शहरातला एकूण आकडा वरखाली झाला. दोन, त्या एकूण आकड्यातला प्रत्येक भागाचा वाटा बदलला. तीन, भागाच्या आत गल्ली बदलली. पहिली झाली म्हणजे दुसरी झाली असं अजिबात नाही. २०२० चं उदाहरण घे, अमेरिकेत एका वर्षात खून जवळपास ३० टक्क्यांनी वाढले, न्यूयॉर्कमध्ये गोळीबाराच्या घटना २०१९ ला पावणेआठशेच्या आसपास होत्या त्या २०२० ला दीड हजाराच्या वर गेल्या. लोकांना वाटलं हिंसा शहरभर पसरली. पण न्यूयॉर्क, फिलाडेल्फिया, लॉस एंजलिस तिन्हीकडे तपासलं तेव्हा निघालं की वाढ मुख्यतः जुन्याच हॉटस्पॉटमध्ये झाली. म्हणून आधी प्रत्येक कम्युनिटी एरियाचा वर्षाचा वाटा टक्क्यात काढ, आणि तो वाटा हलला तरच "शिफ्ट" हा शब्द वापर. माझा अंदाज, तुझ्या चौदा वर्षांत वाटे फार हललेले दिसणार नाहीत.

लहान आकड्यांपासून सांभाळ. एका चौकोनात एका वर्षी ४ घटना, पुढच्या वर्षी ७. पेपरवाले लिहितील ७५ टक्के वाढ (बीट नंबर दोन, राग मानू नका). पण मुळात काहीही न बदलता एवढा फरक निव्वळ योगायोगानं पडतो, पॉयसनचं (अधूनमधून घडणाऱ्या घटना योगायोगानं किती वरखाली होतात त्याचं) साधं गणित करून पाहा. आणि ७७ भाग गुणिले १४ वर्षं म्हणजे हजाराच्या वर तुलना, पाच टक्क्यांच्या पातळीवर पन्नासेक "लक्षणीय" बदल फुकटात मिळतील. त्यासाठी एकेक वर्ष न धरता तीन-तीन वर्षांचे गट कर, किंवा चौदा वर्षांच्या मालिकेवर मान-केंडल (आकडा सातत्यानं चढतो की उतरतो ते तपासणारी चाचणी) लाव आणि त्याच्या जोडीला गेटिस-ऑर्डचा जीआय-स्टार (शेजाऱ्यांसकट चौकोन खरंच तापलेला आहे का ते तपासणारा). "हा चौकोन पूर्वीपासून तापलेला आहे", "हा नव्यानं तापून राहिला आहे", "हा कधी असतो कधी नसतो" असं वेगळं काढता येतं. यातला तिसरा प्रकार सगळ्यात जास्त निघतो आणि प्रेझेंटेशनमध्ये कोणी दाखवत नाही.

भाजक विसरू नको. एंगलवूडची लोकसंख्या २००० मध्ये जवळपास ४० हजार होती, २०२० च्या जनगणनेत २४-२५ हजार. नुसती संख्या घेतली तर घट दिसेल आणि त्यातली काही घट माणसंच निघून गेल्याची असेल. उलट जिथं दिवसा लाखो लोक येतात त्या डाउनटाउनला रहिवासी लोकसंख्येनं भागलं की दर उगाच फुगतो, आपल्या सीताबर्डीला तिथं राहणाऱ्यांच्या संख्येनं भागल्यासारखं. दोन्ही नकाशे शेजारी ठेव.

छोट्या काळाचं सरकणं वेगळं असतं, ते खरं असतं आणि मोजताही येतं. फिलाडेल्फियात २००८ च्या अभ्यासात दिसलं की एकदा गोळी चालली की पुढचे दोन आठवडे, त्याच ब्लॉकच्या अंतरात पुन्हा चालण्याचा धोका अपेक्षेपेक्षा ३३ टक्के जास्त. बदला, त्याचा बदला, असं. वर्षाच्या हीटमॅपमध्ये हे सगळं विरघळून जातं. नॉक्स टेस्ट वाच (जागेनं आणि वेळेनं जवळ असलेल्या घटनांच्या जोड्या मोजते), १९६४ ची आहे, रोगाच्या साथीसाठी काढलेली.

मेडिकल_वॉर्ड:

शांतपणे वाचत होतो, एक मुद्दा राहिला. खुनाचा नकाशा आणि गोळीबाराचा नकाशा एक धरू नका. गोळी लागलेला माणूस मरतो की वाचतो हे बरंचसं किती वेळात टेबलवर आला यावर असतं. शिकागोच्या साउथ साइडला विद्यापीठाच्या हॉस्पिटलनं मोठ्यांचं ट्रॉमा सेंटर १९८८ मध्ये बंद केलं, ते परत सुरू झालं २०१८ च्या मे महिन्यात, मधली तीस वर्षं जखमींना लांब न्यावं लागायचं आणि त्याविरुद्ध तिथल्या लोकांनी मोठं आंदोलन केलं. म्हणजे २०१८ नंतर त्या भागात मृत्यू घटलेले दिसले तर गोळीबार घटला असं लगेच म्हणू नका, आधी वाचलेले मोजा. तू वाचलेले घेतले ते बरं केलं. फक्त एका घटनेत तिघांना लागली तर तिथं तीन ओळी असतात, बळी मोजून राहिली की घटना, ते आधीच ठरव.

नागपूर चॅप्टरसाठी माझी सूचना. पोलिसांच्या डेटावरच अडू नको. मेडिकल असो की मेयो (इथली दोन मोठी सरकारी हॉस्पिटलं), मारामारीचा पेशंट आला की एमएलसी (पोलिसांना कळवायची मेडिको-लीगल केस) होतेच, कशानं लागलं तेही लिहिलं जातं. राहतं ते "नेमकं कुठं". वेल्समध्ये कार्डिफला जोनाथन शेफर्ड नावाच्या जबड्याच्या सर्जननं हेच केलं, इमर्जन्सीच्या रिसेप्शनवर जागा, वेळ आणि हत्यार विचारून घ्यायचं, नाव काढून टाकायचं आणि पोलीस-महापालिकेला द्यायचं. त्यातून कळलं की हॉस्पिटलपर्यंत आलेल्या मारामारीतला बराच मोठा भाग पोलिसांपर्यंत पोचलेलाच नसतो. आपल्याकडे चाकूचं हे करण्यासारखं आहे, बंदुकीचं नाही, तिथं बीटवाल्या भाऊंशी सहमत. रात्रीच्या ड्यूटीला चार पेशंट एकदम आले की रकाना कोण भरणार हा प्रश्न आहेच, ते मी रोजच पाहतो.

उत्तरेकडचा:

मी उत्तर नागपुरात राहतो म्हणून बोलतो. तुम्ही लाल रंग देता आणि घरी जाता. आमच्या इकडचा पत्ता सांगितला की रिक्षावाला नाही म्हणतो, मुलीकडचे लोक आडवळणानं विचारतात एरिया कसा आहे, लोनवाल्याचा आवाज बदलतो. शिकागोत १९३० च्या दशकात सरकारी संस्थेनं घरकर्जासाठी नकाशे केले, काळ्या लोकांच्या वस्त्या लाल रंगवल्या, आणि आज तू जिथं डाग पाहून राहिली त्यातला बराचसा भाग त्या जुन्या लाल रंगावरच येतो. हे तुझ्या "कारणं" मध्ये लिहिलं नाही तर काय लिहिलं?

नागपूरचा नकाशा करशीलच तर ठाण्याच्या नावानं रंगवू नको. काकांनीच सांगितलं ना, वाईट गल्ल्या मूठभर असतात, बाकीच्या हजारो घरांनी काय केलं?

नकाशेवाला_काका:

@उत्तरेकडचा बरोबर आहे तुझं. चौकोनाचा नकाशा प्रबंधात ठेवायचा आणि खाली वस्त्यांची नावं टाकायची नाहीत, असं करता येतं. रंग पण लालच पाहिजे असं कोणी सांगितलं.

बीट_नंबर_दोन:

@आकडेमोड राग कायचा मॅडम, ७५ टक्के वाढ ही हेडलाइन मी स्वतः दिली असती 😅

पण एक विचारतो, कोणी कारवाई केली की हिंसा शेजारच्या मोहल्ल्यात पळते असं सगळे अधिकारी म्हणतात, ते खरं की नाही?

आकडेमोड:

समजतो त्यापेक्षा कमी. हॉटस्पॉटवर गस्त वाढवून जे प्रयोग झाले त्यात शेजारी सरकण्यापेक्षा शेजारीही थोडं घटल्याचं जास्त वेळा दिसलं. कारण जागा फुकट निवडलेली नसते, त्या चौकाला काहीतरी असतं, दारूचं दुकान, अंधार, पळायला दोन बोळ. ते शेजारी उचलून नेता येत नाही. जागाच मोडली तर गोष्ट वेगळी. शिकागोनं १९९० च्या दशकात सरकारी घरांचे टॉवर पाडायला घेतले, रॉबर्ट टेलर होम्सच्या सोळा-सोळा मजल्यांच्या २८ इमारती होत्या, २००७ पर्यंत सगळ्या गेल्या, कॅब्रिनी-ग्रीनचा शेवटचा टॉवर २०११ मध्ये पडला. तिथं नकाशा खरोखर बदलला, आणि संत्राचा डेटा सुरू होतो त्याच्या आधी बहुतेक सगळं होऊन गेलं होतं. १९९१ पासूनचे खून आहेतच ना पोर्टलवर, फक्त खुनांचा का होईना, तेवढा एक लांब नकाशा कर.

संत्रा_पिक्सेल:

बाप्पा, एवढं येईल वाटलं नव्हतं, सगळ्यांचे आभार.

काकांनी सांगितल्याप्रमाणे ३४३५ मध्ये नेऊन मॅक्झिमम आणि रेडियस फिक्स केला. उड्या गेल्या! दोन मोठे पुंजके, एक वेस्ट साइड एक साउथ साइड, पहिल्यापासून शेवटपर्यंत जागेवरच, २०१६ आणि २०२०-२१ ला दोघं एकदम गडद होतात आणि मग उतरतात. वजाबाकीचा नकाशा तर पाहण्यासारखा झाला. टक्केवारीचे वाटे आज रात्री काढते, आणि मॅडमचा १९९१ पासूनचा थर पण घेते. गाइडना सांगितलं की शिफ्ट नाहीये, ते म्हणाले मग प्रोजेक्टमध्ये उरलं काय 🙂

आता एकच अडलं. रेडियस ८०० मीटर घेतला तर दोन पुंजके, ३०० घेतला तर शंभर ठिपके. बरोबर कोणता?

नकाशेवाला_काका:

दोन्ही. ३००, ५००, ८०० तिन्ही शेजारी छाप आणि लिही की कोणता निष्कर्ष तिन्हीत टिकला. जो फक्त एकातच दिसतो तो टाकून दे. आणि न्यूयॉर्कशी तुलना करायचा मोह झालाच तर त्यांच्या डेटाच्या तळटिपा आधी वाच, ज्या घटनेचा पत्ता जुळला नाही ती त्यांनी त्या हद्दीच्या पोलीस ठाण्यावर टाकलेली असते. ३०० च्या रेडियसला ठाणंच हॉटस्पॉट निघायचं.

गाइडना सांग, पुंजके चौदा वर्षं जागचे हलले नाहीत हाच रिझल्ट आहे. व्हायवाच्या तारखेआधी पीडीएफ टाक इथं, पाहून देतो.